विळ्यावरून थेट ग्रास कटर: गवत कापायच्या यंत्रांची गोष्ट आणि आपला सडा (कोकणातलं कातळाचं माळरान)

सड्यावरचा (धागाकर्ता)

श्रावण निम्मा झाला की आमच्या रत्नागिरी तालुक्यात सकाळी आठपासून एकच घरघर सुरू होते. कोणाच्या परड्यात, कोणाच्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेने, शाळेच्या मैदानात, देवळाच्या मागे. गणपतीला चाकरमानी उतरायच्या आत वाट मोकळी दिसायला हवी ना! पूर्वी हेच काम चार माणसं विळे-कोयते घेऊन करायची. आता खांद्यावर पट्टा अडकवलेला एक पोरगा येतो, दोरी खेचतो आणि दुपारपर्यंत अख्खी वाट भादरून टाकतो.

हे यंत्र आलं कुठून याचा शोध घेत बसलो आणि मग लॉनमोअरपासून रोबोपर्यंत बरंच काही वाचून झालं. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. यातलं जवळजवळ कुठलंच यंत्र मुळात गवतासाठी जन्मलेलं नाही, आणि आपल्या गवतासाठी तर एकही नाही.

सुरुवात कापडाच्या गिरणीत होते. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातलं स्ट्राउड हे लोकरी कापडाचं गाव. विणलेल्या कापडावर जी लव उभी राहते ती सारखी तासायला तिथे एक यंत्र असे. फिरत्या रुळावर मळसूत्री वळणाची पाती, खाली एक स्थिर पातं, आणि दोन्हींच्या मधून कापड सरकत जायचं. एडविन बडिंग हा त्या परिसरातला यंत्रांचा जाणकार. कापडाची लव निघते तर जमिनीची का नाही, हे त्याला सुचलं आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने पेटंट घेतलं. जॉन फेराबी नावाच्या कारखानदाराने पैसा लावला. पहिलं यंत्र १९ इंच रुंदीचं, लोखंडी, मागून ढकलायचं. सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत गेलं. तिथल्या मुकादमाने सांगितलं की हे एकटं यंत्र सहा-आठ माणसांचं काम करतं. पेटंटच्या मजकुरात तर असंही आहे की खेड्यातल्या मोठ्या घरच्या मालकांनी ते स्वतः चालवलं तर करमणूक होईल आणि तब्येतीलाही बरं. (आमच्या गावच्या खोताला कोणीतरी हे सांगून बघायला हवं होतं.)

बडिंगच्या आधी तिकडे लांब दांड्याचं मोठं पातं असायचं. उभ्याने, कमरेतून वळत झोका देऊन गवत कापायचं. ते आपल्याकडे आलंच नाही. आपण बसून विळ्याने कापतो, कारण आपल्याला पेंढी बांधायची असते. मूठभर धरायचं, कापायचं, बाजूला एका अंगाने ठेवायचं. शिवाय एवढ्याशा मेरा (शेताचे बांध), त्यात गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले दगड. तिथे झोका द्यायचा कुठे? बडिंगचं ढकलायचं यंत्रही मुंबईच्या जिमखान्यांवर आणि साहेबाच्या बंगल्यांवर फिरलं असेल, आपल्या पाखाडीत ते कधी उतरलं नाही. म्हणजे कोकणाने विळ्यावरून थेट पेट्रोलच्या मशीनवर उडी मारली आणि मधली दीडशे वर्षं ओलांडून टाकली.

ती वर्षं भरभर सांगतो. रॅन्सम्स कंपनीने १८३२ मध्ये बडिंगच्या यंत्राचा परवाना घेतला. स्कॉटलंडमधल्या शँक्सने १८४२ मध्ये तट्टू जुंपायचं मोठं यंत्र केलं. हिरवळीवर खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत! १८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीनने गिअरच्या जागी साखळी बसवली, खडखडाट कमी झाला. १८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स सम्नरने वाफेवरचं यंत्र केलं, ते जड तर होतंच, वर बॉयलर तापेस्तोवर निम्मी सकाळ जायची. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवरचं यंत्र विकायला काढलं.

इथपर्यंत सगळा कात्रीचा कारभार. रूळ फिरतो, गवताची काडी स्थिर पात्यावर टेकते आणि दोन धारांमध्ये सापडून तुटते. काप सुंदर येतो, पण गवत आखूड, कोरडं आणि जमीन सपाट असेल तरच. आपलं भाद्रपदातलं मांडीएवढं ओलं गवत त्या रुळापुढे फक्त आडवं होईल, आणि मशीन पुढे गेलं की परत उभं राहील.

दुसरी पद्धत रोटरीची. पातं आडवं, पंख्यासारखं, आणि काडीला खालून आधार काहीच नाही. म्हणजे काडी वाकायच्या आत तुटावी इतका वेग हवा, आणि त्यासाठी हलकं, जोरात फिरणारं इंजिन. ते स्वस्त झाल्यावरच रोटरी घराघरात गेलं. ऑस्ट्रेलियात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन याने १९५२ मध्ये सिडनीतल्या आपल्या घरी 'व्हिक्टा'चा पहिला नमुना केला. पेट्रोलची टाकी म्हणून त्याने पीच फळांचा रिकामा डबा बसवला होता. तिकडे त्या मशीनचं एवढं कौतुक की २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातही ती नाचवली.

आणि आता आपल्या कामाचा माणूस. अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस नावाचा गृहस्थ होता, नृत्यशाळा चालवणारा. १९७१ मध्ये गाडी धुवायच्या स्वयंचलित केंद्रात बसलेला असताना त्याने पाहिलं की नायलॉनचे ब्रश गरागरा फिरताना ताठ होतात, खाचाखोचांत शिरतात, पण रंगाला ओरखडा नाही. त्याच्या बागेत झाडांच्या बुंध्याशी गवत राहायचं, पातं लावलं तर साल सोलली जायची. घरी येऊन त्याने पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा यंत्रावर फिरवला. चालला! कंपन्यांनी दारातून परत पाठवलं, तेव्हा त्याने स्वतःच 'वीड ईटर' नावाने विकायला सुरुवात केली आणि १९७७ मध्ये धंदा इमर्सन इलेक्ट्रिकला विकला.

मासेमारीची दोरी म्हणजे आपली तंगूस हो! ज्या किनाऱ्यावर प्रत्येक घराच्या पडवीत तंगूसचं रीळ सापडतं, तिथे ही गोष्ट कोणाला सुचू नये?

तर प्रश्न असा. उतार, कातळ, चार महिने धो धो पाऊस आणि पुरुषभर वाढणारं गवत. यासाठी म्हणून कोणी काही वेगळं यंत्र वापरतंय का? की आपण सगळे बॅलसच्या डब्यावरच समाधानी?

---

पाखाडी

मस्त धागा. घोड्यांचे बूट डोळ्यांसमोर आले.

पण दादा, एक बाजू सुटली. तुमच्या बडिंगने, बॅलसने जे गवत कापलं ते फेकायचं गवत. आमच्याकडे अजून दोन म्हशी आहेत, आम्हाला ते खायला घालायचं असतं. तंगूस लावलेल्या मशीनने गवत कापलं जात नाही, त्याचा चुरा होतो. तो मातीत मिसळतो, पेंढी कसली बांधणार? आणि दोरी झिजते म्हणजे कुठे जाते? तिचे तुकडे त्याच गवतात. ते म्हशीच्या पोटात जाऊ द्यायचे? म्हणून वैरणीचं गवत आम्ही अजून विळ्यानेच कापतो. मशीन फक्त वाटेला आणि विहिरीच्या भोवती.

सासूबाई म्हणतात, पूर्वी सड्यावरचं गवत लिलावात जायचं, आता फुकट न्या म्हटलं तरी माणूस मिळत नाही. गुरं गेली आणि गवताचा कचरा झाला. मशीनवाले तेव्हापासूनचे.

---

टूटी_ऑइल

राजापूर भागात मशीन दुरुस्त करतो. पाखाडीताई, वैरणीला तंगूस नकोच. लोखंडी पातं लावायचं आणि वर भातकापणीचा गार्ड बसवायचा. पातळ सळ्यांची अर्धवट टोपलीसारखी जाळी असते. डावीकडे झोका दिला की कापलेलं गवत त्या जाळीवर टेकून एका रांगेत पडतं, गोळा करून पेंढी होते. आमच्याकडे दोन-तीन जण भातही असंच कापतात.

मूळ लेखात नाही म्हणून सांगतो. पातं वरून बघितलं तर डावीकडे फिरतं, म्हणजे घड्याळाच्या उलट. पात्यालाच घड्याळ समजा, बारा वाजता म्हणजे तुमच्या नाकासमोर. बारा ते तीनच्या मधला भाग दगडाला किंवा जाड बुंध्याला लागला तर मशीन उजवीकडे उसळते आणि माणसाला ओढून नेते. कापायचं नेहमी डाव्या अंगाने, आठ ते अकरामध्ये. नवीन पोरांना हे कोणी शिकवत नाही. मशीन दिली, पेट्रोल भरलं, जा.

आणि दुसऱ्या माणसाने १५ मीटर लांब राहायचं, हे प्रत्येक मशीनच्या पुस्तकात छापलेलं असतं. आमच्याकडे चालवणाऱ्याच्या पुढेच एक जण दगड उचलत चालतो.

---

आंबेवाला

देवगड. आम्ही बाग दोनदा बेणतो, म्हणजे गवत काढून साफ करतो. एकदा गणपतीच्या सुमारास, दुसऱ्यांदा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात. दुसरी बेणणी चुकवून चालत नाही. गवत वाळलं आणि शेजारच्या सड्यावर कोणी बिडी टाकली की वणवा थेट कलमांत. म्हणून बागेच्या कडेने चांगली रुंद पट्टी अगदी मातीपर्यंत खरवडून ठेवतो. तिथे तंगूस चालत नाही, तोवर गवत काडी झालेलं असतं. तीन पात्यांचं लोखंडीच लागतं. रानमोडीचं जाड झुडूप असेल तर दातेरी चकती.

कलमाच्या बुंध्याजवळ मात्र मशीन नेऊ देत नाही, तंगूससुद्धा नाही. बॅलसच्या झाडांची साल वाचली असेल, माझ्या लहान कलमांची दोनदा वर्तुळात सोलली गेली आहे. बुंध्याभोवतीची आळी हातानेच.

जाता जाता, एक गंमत. आम्ही पावसात कलमांच्या मुळाशी कल्टार घालतो ना, पॅक्लोब्युट्राझॉल, तेच औषध बाहेर गोल्फच्या मैदानावर गवताला देतात. झाडातलं वाढीचं संप्रेरक ते अडवतं. आमच्याकडे पालवी थांबून मोहोर यावा म्हणून, त्यांच्याकडे गवत हळू वाढावं आणि मशीन कमी वेळा फिरवावी लागावी म्हणून. औषध तेच, हिशोब दोन.

---

मालवणी_खाजा

अरे बाबांनू, बडिंगाचा आणि बॅलसाचा समजला. पण मशीन चालवतलो कोण? आमच्या वाडीतले सगळे झील मुंबैक. एकच पोरगो आसा, तो गणपतीच्या आधी पंधरा दिवस फोनच उचलीत नाय. इलो तरी पयलो प्रश्न, "पेट्रोल तुमचा की माझा?" त्याचो दर दिवसावर नाय, टाकीवर. एक टाकी संपली की मशीन बंद, मगे गवात उरला तरी उरांदे. हलके घ्या.

---

अलिबागकर

मी इथे दोन-तीन बंगल्यांच्या हिरवळी सांभाळतो, म्हणून थोडा वेगळा सूर.

धागाकर्ते म्हणतात की मधली दीडशे वर्षं आपल्याकडे आलीच नाहीत. आली की! मांडव्याच्या जेटीवर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागा, प्रत्येक कुंपणाआड लॉन आहे. माझ्याकडे रुळाचं हाताने ढकलायचं मशीनही आहे आणि पेट्रोलचं रोटरीही. नोव्हेंबर ते मे रूळ. गवत आखूड ठेवलं तर त्याच्यासारखा काप कशालाच येत नाही. टोक स्वच्छ तुटतं, म्हणून पिवळं पडत नाही. रोटरीचं पातं बोथट झालं की टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी लांबून बघितलं तर सगळी हिरवळ राखाडी दिसते. मालक म्हणतात रोग आला. रोग कसला, पात्याला धार लावा.

तसेच ते मैदानावरचे फिकट-गडद पट्टे. अनेकांना वाटतं दोन जातींचं गवत लावलंय. काही नाही, मशीनच्या मागचा रूळ गवत एका अंगाला झुकवतो. झुकलेल्या पानाची पाठ चमकते, परत येताना उलट बाजू दिसते. झालं.

पावसात मात्र रूळ गुंडाळून ठेवतो. जमीन ओली झाली की चाक फिरत नाही, घसरतं. तेव्हा रोटरी, तेही उंची दोन खाचा वर करून. पानाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही, नाहीतर मुळं दुबळी होतात. आठवडाभर पाऊस थांबलाच नाही तर हा नियम पाळणार कसा, ते इंग्लंडच्या पुस्तकात नाही.

अजून एक. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आपली हरळी, हेच जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या मैदानांचं मुख्य गवत आहे. बाहेर त्याला बर्म्युडा गवत म्हणतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी तिचा आफ्रिकी भावंडाशी संकर करून गोल्फच्या मैदानांसाठी जाती काढल्या, टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ अशा. ती टिफड्वार्फ चार-पाच मिलिमीटरवर कापतात! त्यासाठी दहा-अकरा पात्यांचे रूळ लागतात, म्हणजे पुन्हा बडिंगच. त्यामुळे त्याला इतक्या लवकर मोडीत काढू नका.

---

सड्यावरचा

अलिबागकर, तुमची हिरवळ लावलेली आहे, पाणी घालून वाढवलेली. माझं म्हणणं आपोआप उगवणाऱ्या गवताबद्दल होतं. पण धार न लावलेल्या पात्याने टोकं फाटतात हे पटलं. ग्रास कटरवाल्यांच्या वाटा आठ दिवसांत तांबूस का दिसतात ते कळलं.

वेगाचा एक आकडा राहून गेला. अमेरिकी मानकात रोटरीच्या पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे. म्हणजे ताशी साधारण ३५० किलोमीटर. जांभ्याचा खडा त्या टोकाला लागला तर काय होतं ते आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेला विचारा. जांभा वरून कडक, आतून पोकळ-पोकळ. खडा एकसंध उडत नाही, फुटतो आणि चार दिशांना जातो. म्हणून तिकडे १९८२ पासून ढकलायच्या रोटरी मशीनला नियम आहे की दांडीवरचा हात सुटला की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. खांद्यावरच्या मशीनला असा ब्रेक नसतो. ॲक्सिलरेटर सोडला तरी क्लच सुटून पातं आपल्या गतीने फिरतच राहतं. त्यात बरेच लोक चष्म्याऐवजी टोपी पुढे ओढतात.

---

कातळफूल

विषय निघालाच आहे तर एक विनंती. सड्यावरचं गवत श्रावण-भाद्रपदात कापू नका हो. कातळावर माती बोटभर. त्यात त्या दोन महिन्यांत सीतेची आसवं, तेरडे, गेंद अशी फुलं येतात आणि बी टाकून मरून जातात. मशीन फुलाच्या आधी फिरली की पुढच्या वर्षी तिथे कुसळीच जास्त. वाटेपुरतं, घरापुरतं काढा, बाकीचं ऑक्टोबरला.

दुसरं, जिथे कातळशिल्पं आहेत तिथे लोखंडी पातं अजिबात नको. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण गवत काढायला येणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. पातं दगडाला घासलं की पांढरी रेघ उठते आणि ती रेघ आता कायमची. तिथे विळा. तंगूससुद्धा जपून.

---

परदेशस्थ_चिपळूणकर

स्वीडनहून. इथे गावात अर्ध्या बागांतून रोबो फिरतात. हुस्क्वार्ना ही इथलीच कंपनी, तिने १९९५ मध्ये सौरऊर्जेवरचा पहिला रोबो काढला. रोबोची कल्पना मला आवडते ती अशासाठी की तो गवत वाढूच देत नाही. वस्तऱ्याच्या पात्यासारखी छोटी पाती एका चकतीवर लटकवलेली, रोज एक-दोन मिलिमीटर कातरतो आणि कातरण तिथेच पडून कुजतं. गोळा करायचं कामच नाही. हद्द ठरवायला जमिनीत तार पुरतात, नव्या मशीन उपग्रहावरून जागा ओळखतात.

हवेवर तरंगणारं मशीनही एका स्वीडिश माणसाचंच, कार्ल डालमन. इंग्लंडमधल्या कॉकरेलच्या हॉवरक्राफ्टवरून त्याला सुचलं आणि १९६० च्या दशकात फ्लायमो आलं. चाकंच नाहीत, खालून हवा मारते आणि ते उचललं जातं. उतारावर दोरीला बांधून वरून सोडायचं आणि झोका द्यायचा. मी लहानपणी चिपळूणला आजोळच्या परड्यात उभ्या दरडीवर गवत काढताना मामा घसरायचा, ते आठवून वाटलं की फ्लायमो तिथे चालेल का?

---

टूटी_ऑइल

नाही चालणार. तरंगायला खाली हवा कोंडावी लागते, म्हणजे जमीन बऱ्यापैकी गुळगुळीत हवी. आमच्या दरडीवर खड्डे, मुळं, दगड. हवा बाजूने पसार होईल आणि मशीन बूड टेकून बसेल.

रोबोचंही तेच. शिवाय जमिनीत तार पुरून ठेवायची आणि ऑक्टोबरातला गडगडाट सुरू होणार. वीज जवळ कुठे पडली तरी एवढ्या लांब तारेत झटका येतो आणि खोका जातो. आमच्याकडे वीज कडाडली की टीव्हीची पिनसुद्धा काढून ठेवतात.

---

आंबेवाला

रोबोला फुरसं दिसलं तर काय करेल? 🙂

विनोद बाजूला ठेवू. आमच्या सड्यावर फुरशी भरपूर. मशीनच्या आवाजाने साप पळतात असं पोरं समजतात. सापाला हवेतला आवाज फारसा कळत नाही, जमिनीचं कंपन कळतं, आणि फुरसं बऱ्याचदा पळत नाही, वेटोळं करून बसतं. गमबूट हवेच. लेप्टोसाठीही (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) हवेत, पाण्यात उभं राहून बांध बेणताना पायाला चीर असली की झालं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला चष्मा आणि बूट मीच देतो. देतो म्हणजे हातात, घालायला लावणं हे वेगळं काम.

---

परदेशस्थ_चिपळूणकर

हसू नका, इथे तो प्रश्न आहेच. रात्री बाहेर पडणाऱ्या काटेरी हेजहॉगांना रोबो जखमी करतात म्हणून जर्मनीतल्या काही शहरांनी रात्री रोबो चालवायला बंदी घातली आहे. हेजहॉगही फुरशासारखाच, पळत नाही, अंग गोळा करून बसतो.

---

पाखाडी

बॅटरीवरच्या मशीन कोणी वापरल्यात का? आमच्या समोरच्यांनी घेतली आहे. आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. वाड्यातलं अंगण झकास करते. पण ओल्या मांडीभर गवतात गेली की अर्ध्या तासात दमते. त्यातून गणपतीच्या आठवड्यात लाईट जाण्याचा आमचा लौकिक!

---

टूटी_ऑइल

अंगणाला बॅटरी चांगली, बागेला पेट्रोलच. तिथेही फोर-स्ट्रोक बघा. होंडाने कुठल्याही कोनात आडवं-तिडवं चालणारं छोटं इंजिन काढलं तेव्हापासून खांद्यावरच्या मशीनला टू-स्ट्रोकचीच सक्ती राहिली नाही. ऑइल वेगळं, पेट्रोल वेगळं, मिसळायची भानगड नाही. फक्त थोडी जड.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीन याच कारणाने येतात:

पुस्तकात पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने बाटलीचं झाकण मोजू नका, प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं. ऑइल कमी पडलं तर पिस्टनवर उभ्या रेघा उठतात आणि मग सिलिंडरसकट बदलायचा, म्हणजे जवळजवळ नवीन मशीनची किंमत.

दुसरं, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपली हवा तुम्हाला माहीत आहे. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन डिसेंबरला माळ्यावर टाकलीत तर जूनमध्ये कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला असतो, तळाला पाणी आणि डिंक. मोसम संपला की टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेस्तोवर चालू द्या, मग ठेवा. बिघडलेली मशीन मला दाखवून "कंपनीच फालतू" म्हणणारे बरेच भेटतात. मी काय बोलणार, माझं पोट त्यावर आहे.

---

मालवणी_खाजा

टूटी भाऊ, तंगूस जाळ्याची वापरली तर चलता काय? घरात ढीग पडलो हा.

---

टूटी_ऑइल

थोडा वेळ चालते, मग मशीनच्या डोक्यातच (जिथे दोरी गुंडाळलेली असते तिथे) वितळून चिकटते. मशीनची तंगूस जाड असते, दोन-अडीच मिलिमीटर, आणि चौकोनी किंवा पीळ दिलेली मिळते, तिची कड कापते. जुनी झाली की कोरडी पडून तुटायला लागते. एक रात्र पाण्यात भिजत ठेवली की परत लवचीक होते, नायलॉन पाणी धरतो. आणि कातळावर ते डोकं आपटून दोरी सोडायची सवय मोडा. खालचं बटण मातीवर आपटायला केलेलं आहे, जांभ्यावर दोन मोसमांत घासून सपाट होतं आणि डोकं सुटून उडतं. कातळावर मशीन बंद करून हाताने दोरी ओढा.

---

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवून ठेवावी असा धागा झाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र "नाही" असंच दिसतंय. कातळ आणि उतारासाठी म्हणून केलेलं यंत्र कोणाकडे नाही, आहे त्यातच जाळी, गार्ड, पाण्यात भिजवलेली तंगूस असं जुळवून चाललंय. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यांच्या अवजारांच्या विभागात कोणी ओळखीचं असेल तर हा प्रश्न त्यांच्या कानावर घाला. अडीच फुटी मेर, दीड हात उतार आणि एका हाताने पेलेल इतकं वजन, एवढंच मागणं आहे.

---

पाखाडी

टूटी_ऑइल दादा, तो भातकापणीचा गार्ड आमच्या मशीनला बसेल का? कंपनीचं नाव पुसून गेलंय, निळी आहे.

---

टूटी_ऑइल

ताई, रंगावरून नाही सांगता येत. लांब नळीचा बाहेरचा व्यास मोजा, बहुतेक २६ किंवा २८ मिलिमीटर असेल. २६ चा गार्ड २८ ला बसत नाही, आणि २८ चा २६ ला घट्ट केला तरी फिरतो, रबर घालून जुगाड करू नका. खाली गिअरच्या डोक्यावर ग्रीस भरायचा एक बोल्ट असतो, तो एवीतेवी उघडाच, कोरडा असेल तर आधी लिथियम ग्रीस भरा. माप कळवा, माझ्याकडे एक जुना गार्ड पडलाय.